हुपरीचा क्लेम : अपघात-भरपाई आणि वकील यांचा इतिहास

हुपरीच्या माणसाचा मोटार अपघाताचा दावा, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘क्लेम’, चालतो तो बहुधा इचलकरंजीच्या किंवा कोल्हापूरच्या न्यायालयात. इचलकरंजी पंचगंगेपलीकडे दहा-बारा किलोमीटरवर, कोल्हापूर तासाभराच्या वाटेवर. आज हे अंतर कुणाच्या खिजगणतीत नसते. पण दावा आपल्या जवळच्या न्यायालयात लावता येणे आणि त्यासाठी जवळचाच वकील गाठता येणे ही सोय कायद्यात एकदम आलेली नाही. तिची सुरुवात १८५५ मध्ये झाली आणि तिची अलीकडची पायरी २०२५ मधली आहे.

इंग्रजी न्यायपरंपरेत जुना दंडक असा होता की माणूस मेला की त्याच्या मरणाबद्दलचा दावाही त्याच्याबरोबर संपला. हात मोडलेला माणूस फिर्याद करू शके. मेलेल्या माणसाच्या विधवेला मात्र काही मागता येत नसे. इंग्लंडमध्ये १८४६ च्या कायद्याने हा दंडक मोडला आणि त्याच धर्तीवर ब्रिटिश हिंदुस्थानात १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा झाला. पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांना नुकसानभरपाई मागण्याचा हक्क त्याने दिला. तो बजावायचा तर दिवाणी दावा लावायचा, दुसऱ्याची निष्काळजी शाबीत करायची आणि मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट-फी आधीच भरायची. कमावता माणूस गेलेल्या घराला यातले काहीच झेपणारे नव्हते.

हुपरी कोल्हापूर संस्थानात होती आणि ब्रिटिश मुलखातले कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत. संस्थानाची न्यायालये वेगळी, हायकोर्ट वेगळे आणि वकिलीची सनदही दरबारची. राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील काही जणांना वकिलीच्या सनदा दिल्या, ही त्या काळातली फार मोठी गोष्ट होती. वकील कोणत्या घरातून यावा याबद्दलची पक्की समजूत तिने हलवली. पुढे १९३३ मध्ये कोल्हापुरात साइक्स लॉ कॉलेज निघाले. तेच आजचे शहाजी लॉ कॉलेज. जिल्ह्यातल्या तालुक्यांना आपल्या भागातले, आपली बोली बोलणारे वकील मिळू लागले, त्यात या कॉलेजचा वाटा मोठा आहे.

दरम्यान ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि जुलै १९२४ पासून तो अमलात आला. मालकाची चूक दाखवण्याची गरज त्याने बऱ्याच अंशी काढून टाकली. काम करताना आणि कामामुळे इजा झाली एवढे पुरे. या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात शरीराच्या प्रत्येक भागाला टक्के लावलेले आहेत : एका हाताची चार बोटे गेली तर कमाईची ताकद ५० टक्के गेली असे धरायचे, अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी समूळ गेली तर १४ टक्के. हा तक्ता वकिलाच्या फार सोयीचा, कारण वादाला जागा कमी उरते. हुपरीच्या चांदीकामाला तो लावून पाहिला की त्याचे तोकडेपण दिसते. पैंजणाची बारीक कडी चिमट्यात धरून जोडायची, डाग द्यायचा, घुंगरू बसवायचे, हे सगळे काम अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीवर चालते. ज्याची तर्जनी गेली त्या कारागिराचे नुकसान १४ टक्क्यांचे आहे, असे हुपरीत कुणीही म्हणणार नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. हा कायदा मालक आणि नोकर असे नाते गृहीत धरतो. हुपरीत व्यापारी चांदी तोलून देतो, कारागीर माल तोलून परत करतो आणि मजुरी किलोमागे ठरते. काम घरात चालते, हत्यारे कारागिराची, हाताखाली त्याचीच बायको आणि मुले. आटणीच्या भट्टीजवळ भाजलेल्या माणसाचा मालक कोण, या प्रश्नाला अशा धंद्यात सरळ उत्तर नसते. म्हणून या कायद्याचा फायदा चांदीच्या घरांपेक्षा साखर कारखान्यातल्या, यंत्रमागावरच्या आणि पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना अधिक झाला. त्यातही ज्याचा कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, हप्ता कापला जातो, त्याला कामावरच्या इजेचा लाभ त्या योजनेतूनच घ्यावा लागतो. मालकावर भरपाईचा वेगळा दावा त्याला करता येत नाही. अशा माणसाला वकिलाने आधी विचारायचा प्रश्न ‘अपघात कसा झाला’ हा नसून ‘पगारातून ईएसआय कापतात का’ हा आहे.

मोटारीचा अपघात हा वेगळा प्रवाह. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाईत व्यक्तीसाठीचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी, सक्तीचा केला. ती तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली. यामुळे भरपाई मागणाऱ्यासमोरचा माणूसच बदलला. पूर्वी दावा जिंकला तरी गाडीवाल्याकडे वसूल करण्यासारखे काही असेलच असे नव्हते. आता पैसे द्यायला विमा कंपनी उभी राहिली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हुपरीही या कायद्याच्या कक्षेत आली. एसटी मात्र या चौकटीत थोडी बाजूला आहे : सरकारी परिवहन उपक्रमाला विम्यातून सूट मिळते आणि महामंडळ भरपाई आपल्या निधीतून देते. म्हणून एसटीखाली सापडलेल्याच्या दाव्यात समोर विमा कंपनी नसते, महामंडळच असते.

दावा तरीही दिवाणी न्यायालयातच रेंगाळत होता. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची तरतूद केली. जिल्हा न्यायालयातलेच न्यायाधीश न्यायाधिकरण म्हणून बसू लागले आणि या दाव्यांपुरता दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद झाला. दाव्याची जागा अर्जाने घेतली, पुराव्याची पद्धत सैल झाली. क्लेमचा खास वकील हा प्रकार खरे तर इथून जन्माला आला. त्याआधी अपघाताचा दावा हे शेतीच्या वाटणीचे आणि कुळकायद्याचे खटले चालवणाऱ्या वकिलाचे अधूनमधूनचे काम होते.

निष्काळजी शाबीत करण्याचे ओझे मात्र राहिलेच. १९७७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की चालकाची चूक सिद्ध झाल्याशिवाय मालकावर जबाबदारी येत नाही. तत्त्व म्हणून ते सरळ होते, पण रात्रीच्या रस्त्यावर साक्षीदार कुठून आणायचा? त्याच्यावरचा उतारा १९८२ मध्ये आला : चूक कुणाचीही असो, मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये आधी द्यायचे. १९८८ च्या नव्या कायद्यात हे आकडे २५,००० आणि १२,००० झाले, १९९४ मध्ये ५०,००० आणि २५,०००.

या तरतुदीची खरी कसोटी लागली ती पुणे-बंगळूर महामार्गावर, सातारा जिल्ह्यात. ऑक्टोबर १९८७ मध्ये पहाटे तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली आणि टँकर रस्त्याकडेला उलटला. पेट्रोल गळू लागले, उजाडताना आजूबाजूचे लोक जमले आणि धडकेनंतर काही तासांनी भडका उडाला. मृतांचा आकडा ४६ वर गेला. टँकर उलटून पडलेला होता, चालत नव्हता. मग हा वाहनाच्या ‘वापरातून’ झालेला अपघात कसा, असा बचाव घेतला गेला. लोक तिथे पेट्रोल घ्यायला जमले होते हाही मुद्दा आलाच. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो बचाव फेटाळला : धडक आणि आग यांचा संबंध तुटत नाही, उलटलेला टँकरही वापरातच आहे. पुढे कुठल्याही जिल्ह्यात बंद पडलेल्या, उभ्या केलेल्या किंवा उलटलेल्या वाहनाचा प्रश्न निघाला की या निकालाचा आधार घेतला जाऊ लागला. उसाच्या पट्ट्यात तो विशेष कामाचा, कारण हंगामात रात्री रस्त्यावर दिवा-परावर्तकाविना उभी राहिलेली ट्रॉली इथे नवी नाही.

हुपरीच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल १९९४ चा. तोवर अर्ज करायचा तो अपघात जिथे झाला तिथल्याच न्यायाधिकरणात. चांदीचा माल घेऊन हुपरीची माणसे आग्रा, सेलम, राजकोट अशी लांबलांबच्या पेठा करतात. तमिळनाडूत सेलमजवळ अपघात झाला, तर हुपरीच्या विधवेने तमिळ न्यायालयात, अनोळखी वकिलाला वकीलपत्र देऊन, दुभाष्याच्या आधाराने दावा चालवायचा, असा त्याचा अर्थ होता. १९९४ च्या दुरुस्तीने अर्जदाराला तीन पर्याय दिले : अपघाताची जागा, स्वतःचे राहण्याचे किंवा धंद्याचे ठिकाण, अथवा प्रतिवादीचे ठिकाण. सेलमचा अपघात इचलकरंजीत चालू लागला. जवळचा वकील निवडण्याचा प्रश्न त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्याआधी निवडीला वावच नव्हता. अर्थात दूरच्या अपघाताची फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाची कागदपत्रे आणि विम्याची पॉलिसी तिथल्या पोलीस ठाण्यातून आणावीच लागतात. जो वकील पहिल्याच भेटीत ही कागदे कोण, कधी आणणार याची बोलणी करतो, तो जाणकार समजावा.

रक्कम कशी ठरते याचाही इतिहास आहे. फार दिवस प्रत्येक न्यायाधीश आपल्या अंदाजाने आकडा घाली. १९९४ च्या सुसम्मा थॉमस निकालाने वर्षाच्या उत्पन्नाला ठरावीक आकड्याने गुणण्याची गुणक पद्धत रूढ केली, २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक पक्के केले आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने भावी उत्पन्नवाढीचे प्रमाण ठरवून दिले. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. समजा, हुपरीचा ३४ वर्षांचा कारागीर महिन्याला १५,००० रुपये मिळवतो आणि अपघातात त्याचा उजवा हात निकामी होतो. डॉक्टर अपंगत्वाच्या दाखल्यावर २० टक्के लिहितात. भावी वाढ बाजूला ठेवली तर १५,००० गुणिले १२ गुणिले १६, त्याचे २० टक्के, म्हणजे ५,७६,००० रुपये. पण २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे अपंगत्व एक नव्हे. डावा हात तुटला तर सुताराची किंवा चालकाची कमाई जवळपास पूर्ण बुडते, कारकुनाची तशी बुडत नाही, असा दाखला निकालातच दिलेला आहे. हेच सूत्र लावून चांदीकारागिराची कमाई ६० टक्के बुडाली असे पटवता आले, तर रक्कम १७,२८,००० होते. डॉक्टरांचा दाखला तोच, जखम तीच. फरक पडतो तो हे काम कसे चालते हे न्यायाधीशांपुढे कुणी मांडले की नाही, यामुळे.

आणि तो १५,००० चा आकडा तरी कशावरून? इथेच हुपरीचे दावे अडतात. पगाराची पावती नाही, विवरणपत्र बहुतेकांचे नाही, मजुरीचा हिशोब व्यापाऱ्याच्या वहीत. चांदी किती दिली, माल किती आला, घट किती धरली, मजुरी किती झाली, हे सगळे त्या वहीत असते. पण व्यापारी साक्षीला यायला कां-कूं करतो, कारण एका पानासाठी सगळी वही उघडावी लागेल अशी धास्ती असते. पुरावा आला नाही की न्यायाधिकरण अंदाजी उत्पन्न धरते. ते ८,००० धरले गेले, तर वरचे १७,२८,००० एकदम ९,२१,६०० वर येतात. गावातला वकील इथे खरा उपयोगी पडतो : कुणाच्या पेढीवर काम होते, बँकेत मजुरी जमा होते का, शेजारचा कोणता कारागीर साक्ष देईल, हे त्याला चार घरे फिरून कळते. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या वकिलाच्या कारकुनाला ते कळत नाही.

बायकांच्या बाबतीत ही चूक अधिक सर्रास होते. घरबसल्या कड्या भरणारी, घुंगरू लावणारी बाई अर्जात नुसती ‘गृहिणी’ म्हणून येते. घरकामालाही किंमत आहे आणि ती भरपाईत धरली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१, २०१० आणि २०२१ च्या निकालांत उत्तरोत्तर ठामपणे सांगितले. हुपरीच्या बाईकडे घरकामही आहे आणि मजुरीही. अर्जात दोन्ही लिहायला हवे.

उसाच्या हंगामाचे दावे हा आणखी एक किचकट विषय. हुपरी-यळगूडचा जवाहर साखर कारखाना आणि आसपासचे कारखाने सुरू झाले की रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरतात. अपघात झाला की विमा कंपनीचे बचाव ठरलेले : ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, विमा शेतीकामापुरता होता आणि वाहतूक भाड्याची चालली होती, ट्रॉलीत बसलेले मजूर पॉलिसीत येत नाहीत, चालकाचा परवाना त्या वर्गाचा नव्हता. शेवटच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या आणि त्यावर शिक्कामोर्तब करणाऱ्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने बराच दिलासा दिला : ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना चालतो. बाकीचे मुद्दे पॉलिसीचा कागद हातात घेऊनच सुटतात. ट्रॉलीतला ऊसतोड मजूर मेला तर मोटार कायदा आणि कामगार भरपाईचा कायदा यांपैकी एकच वाट धरता येते. दोन्हीकडून मागता येत नाही, आणि कुठली धरायची हे अर्ज लिहिण्याआधी ठरवावे लागते. कामगार भरपाईची ही वाट नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेतून जाते.

फी हा विषय उघडपणे कुणी बोलत नाही. भरपाईच्या रकमेत वकिलाने टक्केवारी घेणे अमेरिकेत रिवाजाचे आहे. भारतात ती गैरवर्तणूक ठरते. मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच हे सांगितले, १९६१ च्या वकील कायद्याखालच्या नियमांत ते लिहिले गेले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने त्याचा पुनरुच्चार केला. तरी ‘आधी काही देऊ नका, क्लेम आला की बघू’ ही बोली टिकून आहे, कारण जखमीच्या घरात आधी द्यायला पैसेच नसतात. वकिलाला जाहिरातीची बंदी आहे, पण सरकारी दवाखान्याच्या दारात कोऱ्या वकीलपत्रावर सही मागणारा एजंट त्या बंदीत सापडत नाही. सुसम्मा थॉमस निकालाने यावर आडून एक बांध घातला : अशिक्षित, अल्पवयीन वा विधवा अर्जदारांच्या रकमेचा मोठा भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा, म्हणजे निकालादिवशीच ती वाटून जाणार नाही.

फुकट वकिलाची वाट १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिली. तो नोव्हेंबर १९९५ मध्ये अमलात आला. स्त्रिया, बालके, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. अपघातात गेलेल्या पुरुषाची विधवा, कितीही चांदी घरात असो, त्यासाठी पात्र आहे; हे माहीत नसल्याने अर्ज मात्र थोडेच होतात. याच कायद्याखालच्या लोकअदालतींत क्लेमची प्रकरणे मोठ्या संख्येने मिटतात. तिथली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. म्हणून हिशोब न मांडता तडजोडीला बसवणारा वकील महागात पडतो.

लहान न्यायालयात वकील निवडताना एक गोष्ट विचारायला संकोच वाटतो, पण विचारावी लागते : तो कोणत्या विमा कंपनीच्या पॅनेलवर आहे का. मोजके वकील, मोजक्या कंपन्या. आज अर्जदाराच्या बाजूने उभा राहणारा उद्या कंपनीच्या बाजूने असतो. त्यात गैर काही नाही, मात्र त्याच कंपनीविरुद्ध त्याला घेता येणार नाही. सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची आहे का हे पाहता येते आणि तक्रार असली तर ती तिथेच करायची असते. क्लेम चालवलेले वकील कोण, हे इचलकरंजीच्या न्यायालयाच्या आवारात एक सकाळ घालवली तरी समजते. कोणत्या वकिलाचे पक्षकार तारखेला एकटेच उभे असतात, हेही तिथेच दिसते.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने या सगळ्याला घाई लावली. चूक न पाहता द्यायची भरपाई मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख झाली. पळून गेलेल्या वाहनाच्या अपघातात २ लाख आणि ५०,०००. पण १९९४ मध्ये काढून टाकलेली मुदत परत आली : अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरीही जखमीचे प्लास्टर निघण्याची वाट पाहत बसण्याचे दिवस गेले. पोलिसांनी अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा आणि तोच अर्ज म्हणून धरता येतो, ही तरतूदही आहे. त्यामुळे हुपरी पोलीस ठाण्यातला पहिला जबाब आणि पंचनाम्यातला वाहनाचा क्रमांक यांचे वजन वाढले आहे; जबाबात राहून गेलेली गोष्ट पुढे वकिलाला भरून काढता येत नाही.

न्यायाधिकरणाच्या निकालावर, ज्याला सगळे ‘अवॉर्ड’ म्हणतात, ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. विमा कंपनीला त्यासाठी २५,००० रुपये किंवा अवॉर्डच्या निम्मी रक्कम, यांतली कमी असेल ती, आधी भरावी लागते. कंपनीला ते जड नसते. जड जाई ते अर्जदाराला, कारण अपील मुंबईत. इचलकरंजीचा वकील तिथे दुसऱ्या वकिलाकडे कागद सोपवी आणि पुढची काही वर्षे फोनवर तारीख कळत राही. कोल्हापूरला खंडपीठ हवे म्हणून इथल्या वकिलांनी काही दशके आंदोलन केले, त्यामागे असे दावेही होते. १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत काम सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिले आता तिथे चालतात. हुपरीच्या अर्जदाराला वकीलपत्र देताना त्यामुळे एक जादा प्रश्न विचारता येऊ लागला आहे : कंपनीने अपील केले तर सर्किट बेंचसमोर तुम्हीच उभे राहणार का, आणि त्याची फी आताच्या फीत धरली आहे की वेगळी?